भाषा, बोली आणि निवाडा

गेल्या वर्षी आमच्या देवळाच्या मंडळाने समाजातील कुटुंबांची नोंदवही नव्याने करावयाचे ठरविले आणि त्यासाठी घरोघर पाठवावयाच्या छापील पत्रकाचा मसुदा करण्याचे काम, आम्ही वकील असल्यामुळे, आमच्या गळ्यात पडले. सिकंदराबादेत आमच्या समाजाची घरे मोजकीच आहेत. कोणाचे आजोबा निजामाच्या रेल्वेत चाकरीला म्हणून आले, कोणी बँकेच्या बदलीने आले आणि येथलेच झाले. मूळ गाव विचारावे तर कारवार, कुमठा, मडगाव, बेळगाव. मसुद्यात अवघड असे काही नव्हते. कुटुंबप्रमुखाचे नाव, गोत्र, कुलदेवता, मूळ गाव, व्यवसाय असे रकाने पाडून झाल्यावर पुढचा रकाना आम्ही येणेप्रमाणे लिहिला : ‘मातृभाषा : मराठी. बोली (असल्यास) :’ आणि पुढे एक रेघ. लिहिताना आमची लेखणी क्षणभरही अडखळली नाही, हे येथे कबूल करून ठेवणे अवश्य आहे.

पत्रके भरून परत येऊ लागली. बहुतेकांनी रेघेवर ‘कोंकणी’ असे लिहून दिले होते. मूळच्या कारवारकडच्या एक वृद्ध मावशी मात्र आपले पत्रक स्वतः घेऊन आल्या. ऐंशी वर्षे ओलांडली तरी दर सोमवारी त्या देवळाची पायरी चढतात. त्यांचे बाकी सर्व रकाने भरलेले होते. हा एकच कोरा होता. आम्ही कारण विचारले. पत्रक आमच्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, “बाबा, तुज्या आवयन तुका न्हिदायलो तो बोलींत काय भाशेंत?”

उलटतपासणीत असा प्रश्न कोणी केला असता, तर तो प्रस्तुत नाही म्हणून हरकत घेण्याची आम्हांस सवय आहे. येथे हरकत घेण्याजोगे काही नव्हते. आमच्या आईने आम्हांस निजविले ते कोंकणीत. शुभंकरोती शिकविली ती मराठीत. रागावून बोलली ती पुन्हा कोंकणीत, आणि भाजीवाल्याशी घासाघीस केली ती तेलुगूत. यांपैकी कशाला भाषा म्हणावे आणि कशाला बोली, हे तिने आम्हांस कधी सांगितले नाही. ते आम्ही पुढे कोठून तरी शिकलो. कोठून शिकलो आणि कोणत्या अधिकाराने दुसऱ्यांच्या पत्रकांवर छापून बसलो, याचा शोध घेतल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

भाषेविषयी बोलणारे आपले शब्द वरवर पाहता मोठे निरुपद्रवी वाटतात. भाषा, बोली, शुद्ध, अशुद्ध, गावंढळ, प्रमाण, मातृभाषा, राजभाषा. एखाद्या झाडाला उंच म्हणावे किंवा पानाला हिरवे म्हणावे, तसे हे शब्द वस्तूचे नुसते वर्णन करतात अशी आपली समजूत असते. परंतु ‘उंच’ म्हटल्याने झाडाचे काही जात नाही. ‘बोली’ म्हटल्याने बोलणाऱ्याचे काही जाते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम ‘भाषा’ हाच शब्द घ्यावा. कोंकणीत तो ‘भास’ असा उच्चारला जातो, आणि मराठीत ‘भास’ म्हणजे जे नाही ते आहे असे वाटणे. एकाच मूळ परंपरेतील दोन शेजारणींनी एका उच्चाराला दिलेले हे दोन अर्थ पाहून कोणालाही गंमत वाटेल. कोंकणीत आश्वासनाला ‘भासावणी’ म्हणतात. आपल्या मराठीतील ‘भाक देणे’ यातली भाक ही ‘भाषा’ या शब्दापासूनच आलेली आहे. म्हणजे बोलणे आणि बोललेल्याला बांधून घेणे हे आपल्या पूर्वजांच्या लेखी फार दूरचे नव्हते. तथापि आमच्या धंद्याच्या दृष्टीने या शब्दाचा सर्वांत उद्बोधक अर्थ धर्मशास्त्रात सापडतो. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य राजाच्या आश्रयाने, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी लिहिली. हे कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. १९४८ पर्यंत ते निजामाच्याच मुलखात होते, तेव्हा विज्ञानेश्वर आमचा देशबांधव आहे असे म्हणावयास आम्ही कचरणार नाही. या शास्त्राने खटल्याचे चार पाद सांगितले आहेत. वादीने आपली तक्रार मांडणे हा पहिला. प्रतिवादीने उत्तर देणे हा दुसरा. पुरावा देणे हा तिसरा आणि निर्णय हा चौथा. यांतील पहिल्या पादाचे नाव ‘भाषापाद’ असे आहे. म्हणजे ज्याला आज आम्ही दावा किंवा फिर्याद म्हणतो, त्याला धर्मशास्त्र ‘भाषा’ म्हणत असे.

तिसऱ्या पादात जे मांडावयाचे त्याचे नाव ‘प्रमाण’. लेख, भोग आणि साक्षी ही तेथली प्रमाणे. ज्याने सिद्ध करावयाचे ते प्रमाण, असा त्याचा साधा अर्थ. आता आपण ‘प्रमाण मराठी’ असे म्हणतो, तेव्हा अर्थ काय होतो? जिला स्वतःला काही सिद्ध करावे लागत नाही, आणि इतर सर्वांना मात्र जिच्यापुढे येऊन आपण कोण ते सिद्ध करावे लागते, ती. पुराव्याला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसविण्याचा हा प्रकार झाला.

आमच्या मनात घोळते ते हे : ‘अमुक ही तमुकची बोली आहे’ हे वाक्य भाषापादातले आहे, निर्णयाचे नव्हे. ती एक फिर्याद आहे. तिला उत्तर देण्याचा दुसऱ्या पक्षाला अधिकार आहे, तिच्यासाठी पुरावा लागतो, आणि हे सर्व होईपर्यंत तिला निवाडा समजून वागणे हा अन्याय आहे. आम्ही मावशींच्या पत्रकावर जे छापले ते एकतर्फी हुकूमनाम्यासारखे होते. प्रतिवादीस समन्स बजावलेच नव्हते.

या विशिष्ट खटल्याचा इतिहास वाचकांना ठाऊक आहेच, तरी त्यातील काही टप्पे आठवावेत. सोळाव्या-सतराव्या शतकात गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. त्यानेच गोव्यातील लोकांच्या तोंडच्या भाषेचे व्याकरणही लिहिले, आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले. आधुनिक हिंदी भाषांपैकी एकीचे हे पहिले छापील व्याकरण. त्याच्या मुखपृष्ठावर त्या भाषेचे नाव मात्र ‘कानारी’ या वळणाचे आहे, कारण पोर्तुगीज तिला तसेच म्हणत. ज्यांची भाषा त्यांच्या तोंडचे नाव बाजूला राहिले आणि परक्याच्या कानाला जे सोयीचे वाटले ते व्याकरणावर चढले. पुढे ग्रिअर्सनने हिंदुस्थानच्या भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोंकणीला मराठीची बोली म्हणून स्थान मिळाले. परंतु त्याच ग्रिअर्सनने आपल्या प्रास्ताविकात असेही सांगितले की भाषा आणि बोली हे शब्द डोंगर आणि टेकडी या शब्दांसारखे आहेत. एव्हरेस्टला पर्वत आणि लंडनातल्या एका चढाला टेकडी म्हणताना कोणी अडत नाही. पण दोहोंच्या मध्ये नेमकी रेघ कोठे मारावी हे कोणालाच सांगता यावयाचे नाही. पाहणी करणाराच जेव्हा असे म्हणतो, तेव्हा त्याने मारलेली रेघ आपण दगडावरची मानावी हे आश्चर्य आहे. लोकांनी खंड वाचला, प्रास्ताविक वाचले नाही. कायद्याच्या ग्रंथांचेही असेच होते.

यानंतर दोन्ही बाजूंनी पंडित उभे राहिले. शणै गोंयबाब यांनी उभे आयुष्य कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे हे लिहून, आणि मुख्य म्हणजे कोंकणीतच लिहून, दाखविले. सुमित्र मंगेश कत्रे यांचा कोंकणीच्या घडणीवरील ग्रंथ १९४२ साली निघाला. उलट बाजूस अ. का. प्रियोळकर यांच्यासारखा गोव्याचाच सुपुत्र, जुन्या ग्रंथांचा असामान्य जाणकार, कोंकणीला मराठीची बोली मानीत होता. प्रियोळकरांच्या मनात कोंकणीविषयी तुच्छता होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाषाशास्त्रज्ञ ‘बोली’ हा शब्द वापरतो तेव्हा तो नात्याविषयी बोलत असतो, योग्यतेविषयी नव्हे, हेही आम्ही मान्य करतो. अडचण अशी की शास्त्रज्ञाच्या टेबलावरून उठून शब्द जेव्हा शाळेत, कचेरीत आणि देवळाच्या पत्रकात येतो, तेव्हा शास्त्रज्ञाची सावधगिरी त्याच्याबरोबर येत नाही. तेथे ‘बोली’ म्हणजे जिच्यात लिहीत नाहीत, परीक्षा देत नाहीत, पाहुणे आले की जी बंद करतात, ती.

शेवटी निर्णय लागला तो सभागृहांत. साहित्य अकादमीने १९७५ साली कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ साली झाला. १९९२ साली एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने कोंकणी, मणिपुरी आणि नेपाळी या तिघी आठव्या परिशिष्टात आल्या. त्या परिशिष्टात मुळात चौदा नावे होती. आज बावीस आहेत. आता नोटेवरील पंधरा भाषांच्या उतरंडीत कोंकणी आणि मराठी, मध्ये मलयाळमला घेऊन, जवळजवळ बसलेल्या दिसतात.

आम्ही स्वतःस विचारले की १९९२ साली ज्या दिवशी हे घडले, त्या दिवशी मावशींच्या तोंडच्या शब्दांत काय बदलले? एक स्वरसुद्धा बदलला नाही. सकाळी उठून त्यांनी ज्या शब्दांत सुनेला चहा मागितला, त्याच शब्दांत दुसऱ्या दिवशीही मागितला असेल. काल बोली होती ती आज भाषा झाली. याचा अर्थ हे शब्द त्या बोलण्याचे वर्णन कधी करीतच नव्हते. इतरांनी त्या बोलण्याला किती जागा द्यावयाची ठरविले आहे, याचे ते वर्णन होते. आणि ही जागा म्हणजे केवळ मानाची नव्हे. घटनेच्या एकोणतिसाव्या अनुच्छेदाने आपली वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती जतन करण्याचा हक्क नागरिकांना दिला आहे. अनुच्छेद ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून सोयी करावयास राज्यांना सांगतो. हे सारे हक्क ‘भाषा’ या शब्दाच्या खुंटीला टांगलेले आहेत. तो शब्द नाकारला की खुंटीच काढून घेतली.

अर्थात कायद्याने दिलेल्या व्याख्येनेही वाद मिटतो असे नाही. गोव्याच्या १९८७च्या कायद्यात ‘कोंकणी भाषा म्हणजे देवनागरी लिपीतील कोंकणी भाषा’ अशी व्याख्या आहे. मसुदा करणाऱ्यांची अडचण आम्ही समजू शकतो. पण पिढ्यान्‌पिढ्या रोमन लिपीत लिहीत आलेल्या गोव्यातील ख्रिस्ती लेखकांनी आपण मग काय लिहीत होतो असे विचारले, तर त्यास समाधानकारक उत्तर काय? आणि मंगळूरकडे आपलेच आप्त कोंकणी लिहितात ती कानडी लिपीत. बोली म्हणून जिला एकदा दाराबाहेर उभे केले होते, तिने आत येताच दुसऱ्या कोणास तरी दाराबाहेर उभे केले.

येथपर्यंत आमच्या वाचकांपैकी कोंकणीभाषी सुखावले असतील. आता ज्या खटल्यात आम्ही सर्वच, मराठीचे आणि कोंकणीचे, आरोपीच्या पिंजऱ्यात आहोत, त्याकडे वळणे प्राप्त आहे.

हैदराबादेतील मराठी माणसाने या शहरात केलेल्या कामाविषयी अभिमान बाळगावा असे पुष्कळ आहे. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारखी माणसे येथे होऊन गेली. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी आजही उभी आहे. त्याच विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात नोव्हेंबर १९२१ मध्ये निजाम राज्यातील सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी धोंडो केशव कर्वे होते. व्यासपीठावर इंग्रजी, उर्दू आणि मराठी चालत होती. आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे एक वकील आपले म्हणणे मांडावयास उठले आणि तेलुगूत बोलू लागले. सभेतील लोकांनी, आणि त्यांत मराठी मंडळी पुढे होती, हुर्यो करून त्यांना बोलू दिले नाही. ज्या राज्यातील निम्म्याच्या आसपास प्रजा तेलुगू बोलणारी, त्या राज्याच्या राजधानीत, समाजसुधारणेच्या परिषदेत हे घडले. अध्यक्षस्थानी जे होते त्यांनी पाचच वर्षांपूर्वी, १९१६ साली, मातृभाषेतून शिकविणारे महिला विद्यापीठ काढले होते. याहून तीव्र विरोधाभास एखाद्या नाटककाराने रचला असता, तर तो कृत्रिम वाटला असता.

त्या काळी या शहरात ‘तेलंगी बेढंगी’ असा एक वाक्प्रचार होता. तेलुगूला ढंग नाही, रीत नाही, असे त्यातून सुचवावयाचे. यमक जुळले की विचार करण्याची गरज उरत नाही. हा शब्दही वरवर भाषेचे वर्णन करणाराच होता, आणि वर्णनाच्या मिषाने त्याने एका मोठ्या समाजाला त्याच्याच गावात परके ठरविले. त्या रात्रीच काही तेलुगू मंडळी एकत्र जमली आणि आंध्र जनसंघ निघाला. त्याची पुढे आंध्र महासभा झाली. तिचे पहिले अधिवेशन १९३० साली जोगीपेठ येथे सुरवरम प्रतापरेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. तेलंगणात कवी नाहीत असे कोणी लिहिले, तेव्हा याच प्रतापरेड्डींनी १९३४ साली ३५४ कवींचा संग्रह छापून उत्तर दिले. धर्मशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर भाषापादाला उत्तरपाद मिळाला, आणि प्रमाणही भरपूर जोडलेले होते.

ती हुर्यो करणारे कोणी दुष्ट लोक नव्हते. सुधारक होते. घरी गेल्यावर त्यांनी आपल्या मुलांना सत्य आणि अहिंसा शिकविली असेल. एखाद्या माणसाची जात काढून त्याला बोलू दिले नाही, तर सभेला लाज वाटली असती. त्याची भाषा काढून गप्प केले, तर वाटली नाही. भाषेला नावे ठेवणे म्हणजे माणसाला नावे ठेवणे नव्हे, अशी एक सोयीची समजूत आपल्या सर्वांच्या मनात असते. आम्ही स्वतः शाळेत असताना वर्गातल्या एका खेड्यातून आलेल्या मुलाच्या तेलुगूची नक्कल करून सर्वांना हसविले होते. त्याने पुढे वर्गात उत्तरे देणे सोडले. यास कारण आम्हीच असू असे तेव्हा सुचलेही नाही. तो आज कोठे आहे, आम्हांस माहीत नाही.

हा दोष अर्वाचीन नव्हे. पतंजलीच्या महाभाष्यात असुरांची एक कथा आहे. ‘हे अरयः’ म्हणावयाच्या जागी त्यांनी ‘हेलयः’ म्हटले आणि त्यांचा पराभव झाला. म्हणून ब्राह्मणाने म्लेच्छासारखे बोलू नये, म्हणून व्याकरण शिकावे. म्लेच्छ हा शब्द मुळात अस्पष्ट, वेडावाकडा उच्चार करणाऱ्याला लावलेला होता. उच्चाराचे वर्णन करणारा शब्द हळूहळू माणसाचे, मग त्याच्या जन्माचे आणि त्याच्या धर्माचे वर्णन करू लागला. ग्रीकांच्याही भाषेत परक्याला जे नाव होते ते ‘बरबर’ बडबडणारा याच कल्पनेवर बसविलेले होते. इंग्रजांनी येथल्या भाषांना ‘व्हर्नाक्युलर’ म्हटले. लॅटिनमध्ये ‘व्हर्ना’ म्हणजे मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. आणि आमचे वाडवडील ‘व्हर्नाक्युलर फायनल’ उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावीत!

तथापि आपल्याच परंपरेत याचे उत्तरही आहे, आणि ते आमच्या मते अधिक प्रसिद्ध व्हावयास हवे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या पहिल्या अध्यायात ‘पिकनेमाधिकरण’ म्हणून एक अधिकरण आहे. पिक, नेम, तामरस असे काही शब्द शिष्टांच्या वापरात नाहीत, म्लेच्छांच्या वापरात आहेत. ते वेदात आले तर अर्थ कसा लावावा? व्याकरणाच्या आधारे धातू शोधून नवा अर्थ बसवावा, की म्लेच्छ ज्या अर्थी वापरतात तो घ्यावा? सिद्धान्त असा की म्लेच्छांचाच अर्थ घ्यावा. शबरस्वामी कारण देतात तेही ऐकण्यासारखे आहे : पक्षी पाळण्याच्या आणि पकडण्याच्या कामात म्लेच्छच अधिक जाणते आहेत, मग पिक म्हणजे कोकीळ हे त्यांनाच विचारावे. कुमारिलभट्ट याच विषयात आणखी पुढे जातात. द्राविड भाषेत भाताला ‘चोर्’ म्हणतात. ते ऐकून आमचे संस्कृताभिमानी त्यात संस्कृत ‘चोर’ पाहू लागतात, यावर त्यांनी टीका केली आहे. तमिळ घरात आजही भाताला ‘सोरु’ म्हणतात. सिकंदराबादेत आमच्या शेजारी राहणाऱ्या तमिळ कुटुंबात तो शब्द आम्ही रोज ऐकतो, आणि तेराशे वर्षांपूर्वीच्या मीमांसकाने तो नेमका टिपलेला पाहून आम्हांस विलक्षण आनंद होतो.

पिकनेमाधिकरणाचा न्याय भाषांच्या नावांना लावता येईल काय? आमच्या मते येतो, आणि तो सूक्ष्म आहे. कोकिळेविषयी पक्षी पाळणाऱ्याला विचारावे, तसे एखाद्या भाषेला काय म्हणावे हे प्रथम तिच्यात राहणाऱ्याला विचारावे. यावर सहव्यवसायी मित्राने हरकत घेतली : बोलणारा सांगेल तेच खरे मानले, तर दोन गावांच्या दोन भाषा होतील, उद्या मालवणी, परवा अहिराणी, आणि शास्त्राला काही कामच उरणार नाही. हरकत वजनदार आहे. आमचे उत्तर एवढेच की साक्षीदाराचे ऐकणे म्हणजे त्याचे सर्व मान्य करणे नव्हे. परंतु न ऐकता दिलेला निर्णय बरोबर निघाला तरी तो न्याय नव्हे, हे आमच्या धंद्यातील पहिले तत्त्व आहे. मालवणी माणसाला विचारले, तर तो कदाचित आपण मराठीच बोलतो असे अभिमानाने सांगेल. मग त्याच्यावर स्वतंत्र भाषा लादणारेही आम्ही कोण?

विचारून तरी काय हाती लागते, हे जनगणनेने दाखविले आहे. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावे १९,५६९ भरली. छाननी करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा केल्या गेल्या, आणि त्यांतून गट पाडता पाडता १२१ भाषा उरल्या. प्रत्येक पायरीवर कोणीतरी, कोठल्या तरी कचेरीत बसून, अमुक ही तमुकमध्ये जाते असे ठरविले. हे काम कोणी तरी करावयास हवेच, याबद्दल तक्रार नाही. त्यातली मातृभाषेची व्याख्या आम्हांस फार आवडते : त्या व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलत होती ती, आई बालपणीच गेली असल्यास त्या काळी घरात मुख्यतः बोलली जाणारी. व्याख्येत लिपी नाही, ग्रंथ नाहीत, शिष्ट नाहीत. मावशींनी आम्हांस विचारलेला प्रश्न तो हाच. भारत सरकारची व्याख्या त्यांनी वाचली असण्याचा संभव नाही.

‘शुद्ध’ या शब्दाविषयी पुष्कळ लिहिता येईल, थोडक्यात आटोपतो. पुण्याहून आलेले पाहुणे आमचे बोलणे ऐकून ‘तुमचे मराठी जरा वेगळेच आहे’ असे म्हणतात, तेव्हा ‘वेगळे’ याचा अर्थ आम्हांस कळतो. आमच्या तोंडी दखनीचे शब्द येतात, वाक्य तेलुगूच्या चालीवर लांबते. ‘मोगलाईतले मराठी’ अशी एक जुनी शिवी आहेच. पण न्यायालयात ‘वकील’, ‘दावा’, ‘कैफियत’, ‘जामीन’ हे शब्द पुण्याचा माणूसही आमच्याइतक्याच सहजतेने उच्चारतो, आणि ते सारे मोगलाईच्याच वाटेने आलेले आहेत. शुद्धतेचा मळ कोणत्या शतकापर्यंत धुवावयाचा, हे धुणाऱ्याच्या सोयीवर ठरते. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली जे नियम केले त्यांना ‘लेखनविषयक नियम’ असे साधे नाव दिले, हे फार समंजसपणाचे झाले. आपण मात्र अजून त्यांना ‘शुद्धलेखनाचे नियम’ असेच म्हणतो. नियम पाळावेत, आम्ही पाळतो. नियम चुकलेल्याला ‘अशुद्ध’ म्हणणे हा निराळा व्यवहार आहे. देवळात येणाऱ्या वाचकांना ‘अशुद्ध’ या शब्दाचे वजन आम्ही सांगावयास नको.

तेलुगूला केंद्र सरकारने ‘अभिजात’ भाषेचा दर्जा दिला तो २००८ साली. मराठीला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. त्या दिवशी येथील मराठी मंडळींनी पेढे वाटले. आम्हीही खाल्ले आणि वाटले. एका तेलुगू सहव्यवसायी मित्राने अभिनंदन करून हळूच विचारले, “आता आपली भेट बरोबरीने होणार ना?” तो हसत होता. १९२१ ची गोष्ट त्याच्या मनात होती की नव्हती, ते आम्ही विचारले नाही. त्याच्याही घरात गोष्ट सरळ नाही. किनाऱ्यावरच्या आंध्रांनी तेलंगणाच्या बोलण्याला ‘यास’ म्हणून हिणविल्याची तक्रार येथे पुष्कळ वर्षे होती, आणि २०१४ साली वेगळे राज्य झाले त्यामागे ती एक सल होतीच. राज्याने ज्यांचा जन्मदिवस, ९ सप्टेंबर, तेलंगणाचा भाषादिन म्हणून ठरविला ते कवी काळोजी नारायणराव यांचे वडील मराठी आणि आई कानडी होती. ज्या भाषेला एकेकाळी मराठी सभेने बोलू दिले नव्हते, तिच्या लोकांच्या तोंडच्या रूपाचा सर्वांत मोठा कैवारी एका मराठी बापाचा मुलगा निघाला.

पत्रकाचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. मंडळाच्या सभेत आम्ही तो रकाना रद्द करण्याची सूचना मांडली. दीड तास वाद झाला. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे की आरत्या मराठीत, अहवाल मराठीत, तेव्हा मातृभाषा मराठी लिहिल्याने कोणाचे काय बिघडते? दुसऱ्याचे म्हणणे की १९९२ नंतर कोंकणी असेच छापावे आणि मोकळे व्हावे. दोघेही निर्णय छापावयास सांगत होते. अखेर नव्या पत्रकात तीन प्रश्न आले : घरात काय बोलता? देवापुढे काय बोलता? बाहेर काय बोलता? नावे ज्याची त्याने लिहावीत. छपाईचा खर्च दुसऱ्यांदा झाला, तो आम्ही सोसला.

मावशींनी नवे पत्रक आमच्यासमोर बसून भरले. घरात : कोंकणी. बाहेर : तेलुगू, आणि कंसात ‘मोडकी’. देवापुढे या रकान्यात त्यांनी प्रथम मराठी लिहिले, मग थोडा विचार करून त्याखाली कोंकणी लिहिले, आणि ‘मोडकी’ हा शब्द खोडून टाकावा का, असे आम्हांस विचारले. आम्ही म्हटले, “मावशी, तुमचे तुम्ही ठरवा.” त्यांनी तो खोडला.